अकरा पोरांचा दाखला

बुधवारी आमच्या दवाखान्यात मागच्या दाराची खोली उघडते. पुढच्या ओट्यावर ताप, खोकला, पोरांचे डोस. मागच्या खोलीत तो आजार, ज्याचं नाव घेताना भलेभले बाप्ये स्वतःच्या चपलांकडे बघतात. मी तिथं फरशी पुसते. नऊ वर्षं पुसतेय. कोण आत गेलं, कोण कसं चालत बाहेर आलं, हे मला मान वर न करताही कळतं. बोलायचं नाही ही नोकरीची अट आहे, आणि नऊ वर्षं मी ती पाळली. नवऱ्याच्या भावाला त्या दारातून बाहेर पडताना पाहिलं, चर्चमधल्या भजनवाल्याला पाहिलं, गप्प बसले.

मे महिन्यातल्या एका बुधवारी त्या दारातून वायसन बाहेर आला.

वायसन म्हणजे बाजारातल्या गिरणीवरचा माणूस. भुवयांवर कायम मक्याचं पीठ. पाच गावांच्या बायका त्याच्याकडे दळण आणतात, आणि त्याचे मोठे, पुढे आलेले कान पाच गावांतल्या पोरांच्या डोक्यांवर दिसतात. त्या दिवशी गडी पाय फाकवून चालत होता.

"फालेस," मला म्हणाला, "तुला काही दिसलं नाही."

"मला फरशी दिसली. तुझ्या बुटांनी घाण केलेली."

"पूस मग."

दाराच्या फटीतून मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. चिसाले डॉक्टर म्हणत होते, "सुई दिली म्हणजे संपलं नाही. सात दिवस गोळ्या पूर्ण घ्यायच्या. सात दिवस कुठल्याही बाईजवळ जायचं नाही. आणि ज्या ज्या बायकांजवळ गेलास त्यांना इथं घेऊन यायचं." त्यावर वायसन म्हणाला होता, "सगळ्यांना? मग ओटा वाढवून घ्या, डॉक्टर."

मी हसले होते. खरं सांगते, बादली पिळता पिळता हसले होते.

घरी आले तर आई दोरिकाचं घर सारवत होती. दोरिका माझी धाकटी बहीण. एकतीस वर्षांची, लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. आईच्या गुडघ्यांत वारा आहे, वाकता येत नाही, तरी चार पायांवर बसून ती लाल माती ओढत होती. चुलीवर मक्याची गोड आंबील शिजत होती. सण नाही, सुतक नाही.

"कोण येणार आहे?"

"पाहुणा," आई म्हणाली आणि खाली बघून सारवत राहिली.

जुनी माणसं त्याला तरस म्हणतात. अंधारात येतो, उजाडायच्या आत जातो, कुणी विचारत नाही काय नेलं आणि काय ठेवलं. बाईला मूल होत नसलं की मामालोक नवऱ्याशी बोलून असा माणूस ठरवतात. नवरा तीन-चार दिवस आपल्या आईच्या गावी जातो. पुढं पोर झालं तर ते नवऱ्याचंच. सरकारनं बंदी घातली, तेव्हापासून तरस म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. बंदीनं एवढाच फरक पडला.

आमच्याकडे घर बाईचं, शेत बाईचं, पोरं बाईच्या कुळाची. नवरा घरजावई. शहरातून आलेल्या बाया वहीत लिहून घेतात आणि म्हणतात, वा, किती चांगलं. चांगलं कसलं? सासूनं छळलं तर पोरगी आईकडे पळते. इथं छळणारी आईच आणि ठरवणारा सख्खा मामाच. इथून पळून कुठं जायचं?

"कोण पाहुणा?" मी विचारलं.

"तुझ्या मामानं बघून-पारखून आणलाय. असातसा नाही." आईनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. नाकाला माती लागली. "अकरा पोरं आहेत त्याची. अकराच्या अकरा जिवंत."

अकरा म्हटल्यावर मला नाव विचारायची गरज उरली नाही.

"कधी?"

"परवा. शुक्रवारी."

बुधवारी सुई आणि शुक्रवारी पाहुणा.

*

नाखुम्वा मामा आंब्याखाली बसून सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईचं लग्न, मोड, भांडण, मयत त्यांच्या हातून जातं. माणूस वाईट नाही. दुष्काळात स्वतः उपाशी राहून आम्हाला, बहिणीच्या पोरांना, त्यांनी तुरी शिजवून घातल्या आहेत. वाईट माणूस असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"मामा, पुढच्या शुक्रवारी करा."

"काय?"

"पाहुणा. सात दिवस थांबा. जास्त नाही, सातच."

"पोरी, हे काय लग्नाचं आमंत्रण आहे का, पुढं ढकलायला? तिचे दिवस आईनं मोजलेत. ह्या चार दिवसांत बसलं तर बसलं."

"मग पुढच्या महिन्यातले चार दिवस घ्या."

"आपला जावई बिन्वेल आज हो म्हणतोय. पुढच्या महिन्यात म्हणेल? त्याला तयार करायला मला दोन कोंबडे आणि चार महिने लागले. पुरुषाचा जीव असतो तो." मामांनी ठिगळ दाताखाली धरून ताणलं. "तुला काय अडचण आहे?"

आणि मी सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दारामागचं बोलले. "वायसनला रोग आहे. लघवीच्या जागी पू येतोय. काल सुई घेतलीय."

काल नव्हे, त्याच दिवशी. रागात चुकले.

मामांना हसू आलं. मनापासून हसले, कुत्सित नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"अगं, रोगट झाडाला फळं धरतात का? अकरा पोरं! चेरेनीच्या घरी त्याचीच जुळी झाली मागच्या वर्षी. ती काय पुवातून झाली? अशानं मूल होत नाही असं तूच सांगतेस ना दवाखान्यात ऐकून? मग त्याला कशी होतात?"

"बाप्याला होतात. नळ्या बाईच्या चिकटतात. तो देतो आणि मोकळा होतो. आत सडते बाई."

"झाडूवाली डॉक्टर झाली," मामा म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "फालेस, दवाखान्यातली गोष्ट तू मला सांगितलीस, मी ऐकली नाही असं समजतो. नोकरी सांभाळ. चार पोरं आहेत तुला."

चार पोरं आहेत तुला. प्रत्येक वेळी बोलणं इथंच येऊन थांबायचं.

*

दोरिकाला मूल का होत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ती एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा बिन्वेल तंबाखूच्या मळ्यावर कामाला गेला होता. सात महिन्यांनी परतला, रेडिओ आणला, सोबत ते दुखणंही आणलं. तिचं ओटीपोट पेटलं. ताप. दवाखान्यानं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नवऱ्याला आण. बिन्वेल म्हणाला, "दुखतंय तुला, गोळ्या मी कशाला खाऊ?" ती बरी झाली, त्यानं पुन्हा दिलं, पुन्हा बरी झाली. तीन वर्षांपूर्वी मी तिला मोठ्या शहरात, ब्लांटायरला, नेलं. आत औषध सोडून फोटो काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाखवलं: ही एक नळी पार बंद, दुसरीतून औषध थोडं गेलंय, पण अडकत, वाकडं. मी 'बंद' ऐकलं. दोरिकानं 'थोडं' ऐकलं. बसमध्ये मला म्हणाली, "थोडं म्हणजे माणसाला पुरतं ना, ताई? बाळ केवढंसं असतं सुरुवातीला."

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष बाईचा ठरला असता. आता निदान शंका जावयावर होती.

गुरुवारी सकाळी मी चिसाले डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते कपाट उघडून उभे होते, कपाटात बरंचसं रिकामपण होतं.

"तू हे घरी बोललीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले."

"तुला काढून टाकायला पाहिजे."

"टाका. पण आधी त्याला थांबवा. पोलिसांना सांगा."

"कुठल्या? साल्वा जमादार? त्याच्या स्वतःच्या बहिणीकडे पाहुणा नव्हता आला?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पन्नास हजार माणसांना एक डॉक्टर, आणि तोही खरा डॉक्टर नव्हे, तीन वर्षं शिकून आलेला. "हे घे." त्यांनी कंडोमची पट्टी माझ्या हातात दिली. मग दोघंही त्या पट्टीकडे बघत राहिलो. त्यांनाच लाज वाटली. "दुसरं माझ्याकडे काय आहे, फालेस?"

गिरणीवर गेले. पट्टा फिरत होता, वायसन ओरडून बोलत होता, मीही ओरडून बोलले. पाच-सहा बायका टोपल्या घेऊन रांगेत. काय बोलायचं ते बोलता येईना. त्याला मागं चिंचेखाली नेलं.

"गोळ्या घेतोयस?"

"संपल्या."

"कालच दिल्या सात दिवसांच्या!"

"निम्म्या रात्रीच एकदम खाल्ल्या, निम्म्या बायकोला दिल्या. तिलाही द्यायला पाहिजेत ना? डॉक्टरच म्हणाले." खरंच त्याला वाटत होतं की त्यानं चांगलं केलं. "आणि मला आता काही नाही. सुई घेतली, सकाळी साफ. बघायचंय?"

"वायसन, ती माझी बहीण आहे."

"मग? तुझ्या मामांनी मला बोलावलंय, मी गेलो नव्हतो दारात. मी नाही म्हणालो तर म्हणतील वायसनमध्ये दम राहिला नाही. उद्या तूच म्हणशील." त्यानं भुवईवरचं पीठ झटकलं. "उपकार करतोय मी. तुमच्या घराला अंधारातून काढतोय. जरा तोंड गोड कर."

त्याच्या तोंडात मारायची होती. मारली नाही. रांगेतल्या बायका बघत होत्या आणि त्यातल्या दोघींच्या पाठीवर ते कान बांधलेले होते.

दोरिका ओढ्यावर होती. चितेंज, आमचं कमरेचं कापड, दगडावर आपटत होती. दोन नवी कापडं होती, मी ओळखलं कशासाठी. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पू, सुई, निम्म्या गोळ्या. पट्टी काढून दिली.

तिनं ती बोटात धरून उलटीपालटी केली. "ह्यात मूल धरू?"

"दोरिका."

"नाही, सांग ना. ह्यात धरून तुझ्याकडे आणू? तू ओतशील आत?"

"तुला मरायचंय का?"

"ताई," ती कापड पिळत म्हणाली, "भरल्या पोटानं उपास शिकवू नकोस. ऑगस्टमध्ये तुझ्या रोझियाला न्हाणीच्या झोपडीत बसवणार. तिला बाईपण शिकवणार. तुझी पोरगी, मी तिला पाठीवर वागवलं, तिच्या उवा काढल्या. आणि विधी करणारी म्हातारी दार लावताना मला काय म्हणणार? 'लहान मुलींनी बाहेर थांबा.' पोर नाही ती मुलगीच, म्हणून मी बाहेर बसणार, सात-आठ वर्षांच्या पोरींबरोबर. एकतीस वर्षांची मी. मागच्या खेपेला एका पोरीनं मला विचारलं, मावशी, तुम्हाला कधी नेणार आत?"

मागच्या खेपेला मी आत होते. आत बसून गाणी म्हणत होते.

"रोगाला गोळ्या आहेत," ती म्हणाली. "ह्याला आहेत?"

पट्टी तिनं पाण्यात टाकली नाही. माझ्या टोपलीत परत ठेवली, नीट, कुणाची तरी वस्तू परत करावी तशी.

*

शुक्रवारी दुपारी बिन्वेल निघाला. सायकलच्या मागं पिशवी, पिशवीत आईनं दिलेली सुकट. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"जावईबुवा, कुठं?"

"आईला बघायला."

"आई बरी आहे तुझी. कालच बाजारात बटाटे विकत होती."

त्यानं पाय टेकवला. उन्हात त्याचं तोंड राखेसारखं दिसत होतं. ह्या माणसाला मी बारा वर्षं शिव्या दिल्यात, मनात आणि तोंडावर. त्या दुखण्याचं मूळ तो. पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून शिवी आली नाही, आणि शिवी आली नाही म्हणून मला जास्त राग आला.

"मी काय करू?" तो म्हणाला. "नाही म्हटलं तर म्हणतात नामर्द, आणि वर तोरा दाखवतो. हो म्हटलं तर... तू सांग, काय करू?"

"बारा वर्षांपूर्वी गोळ्या खायच्या होत्यास."

तो सायकलवर बसला आणि गेला. चढ होता. उतरून ढकलत गेला.

तीन रात्री मी माझ्या घरात झोपले. झोपले म्हणजे पडले. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही, मी तिथं नव्हते, आणि दोरिकानं पुढं एक अक्षर सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी ती वाकून चालू लागली. ओटीपोटात कळ, अंगात कणकण, कापडाला डाग. मी डॉक्टरांकडून गोळ्या मागून आणल्या. त्यांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिल्या, वहीत न लिहिता.

"ह्या पोटुशी बाईला चालतात?" दोरिकानं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण तिनं डोळ्यांत बघून विचारलं. "नाही चालत. त्यासाठी वेगळ्या असतात, त्या संपल्यात. पंधरा दिवसांनी येतील म्हणतात."

"मग पंधरा दिवसांनी."

"अगं, तू पोटुशी नाहीस!"

"तुला काय माहीत? अजून दिवस आलेले नाहीत. बसलं असलं तर? तुझ्या गोळ्यांनी पडलं तर?"

मूल असेल म्हणून औषध नाही. औषध नाही म्हणून आत काय चाललंय ते देव जाणे. दुसऱ्या सकाळी मी तिच्यासाठी मक्याची पेज केली. शेंगदाण्याचं कूट घातलं. दोन गोळ्या दगडानं ठेचल्या आणि पुडी हातात धरून वाडग्यावर उभी राहिले. पेजेवर साय धरली. ती आतून हाक मारत होती, "ताई, आणतेस ना, भूक लागलीय." मी पुडी कमरेला खोचली आणि पेज नेऊन दिली. बहिणीला फसवून औषध पाजलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. मलाही वाटलं, बसलं असलं तर?

त्या वेगळ्या गोळ्या काही आल्या नाहीत. जूनच्या शेवटी दवाखान्यातली गरोदरपण बघायची पट्टी मी चोरून आणली. लघवीत बुडवायची ती. दोन रेघा आल्या.

मी पुन्हा बघितलं. उजेडात नेऊन बघितलं. दोन.

आई जमिनीवर बसून टाळ्या वाजवायला लागली. मामा आले, ते नाचले. साठीचा माणूस, आंब्याखाली, एका पायावर. "झाडूवाल्या डॉक्टरीणबाई," मला म्हणाले, "आता काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, "काही नाही, मामा." आणि मीही गायले. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. तेव्हा मला वाटलं, चुकले मी. दवाखाना चुकला, फोटो चुकला, ब्लांटायरची बाई चुकली. त्या दिवसाइतकी सुखात मी माझ्या स्वतःच्या चार खेपांना नव्हते.

बिन्वेल परत आला होता. तो कोपऱ्यात बसून सायकलची साखळी पुसत होता. दोरिका त्याच्यापुढं आंबिलीचा तांब्या घेऊन गेली आणि दोन्ही गुडघे टेकून तिनं तो त्याला दिला. त्यानं घेतला. त्यालाही तोवर जळजळ सुरू झाली होती, हे मला बुधवारी कळलं.

*

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तुरी तोडत होतो. दोरिका ओळीत माझ्या पुढं. ती बोलत होती, पोराला नाव काय ठेवायचं, मामाचं की बिन्वेलच्या बापाचं. मध्येच थांबली. मला वाटलं नाव आठवतेय. ती हळूच खाली बसली, मग आडवी झाली. घामानं चेहरा भिजलेला, ओठ पांढरे. "खांदा दुखतोय," म्हणाली. "ताई, खांदा का दुखतोय?"

चिसाले डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि हात तसाच काढून घेतला. "नळीत बसलंय," ते म्हणाले. "फुटली."

"म्हणजे?"

"मूल पिशवीपर्यंत पोचलंच नाही. वाट चिकटलेली. जुनी जखम, त्यात नवी. वाटेतच अडकलं आणि तिथंच वाढलं."

जिल्ह्याची गाडी बोलावली. गाडी होती, डिझेल नव्हतं. मामांनी आणि बिन्वेलनं तिला सायकलच्या मागच्या डोलीत घातलं. एकवीस किलोमीटर. एकानं हँडल, एकानं मागून धक्का. मी बाजूनं पळत होते, तिचा हात धरून, कधी सुटत होता. मामा रडत होते आणि ढकलत होते. गिरणीवरून गेलो तेव्हा वायसन बाहेर आला, काही न विचारता त्यानं पुढची बाजू धरली आणि बाजाराच्या चढापर्यंत ओढून दिली. त्याला शिवी द्यायलाही माझ्याकडे दम नव्हता. ढकलायला माणूस हवा होता.

ती जगली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोट कापलं, दोन बाटल्या रक्त दिलं, एक बिन्वेलचं आणि एक माझं. बंद नळी आत तशीच होती. फुटली ती दुसरी, थोडी उघडी असलेली. ती काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी नर्स तक्ता घेऊन आली. गोरटेली, घाईत असलेली पोरगी. "नाव? वय? पोटुशी किती वेळा?"

दोरिका उशीवरून थोडी उठली. "एकदा," ती म्हणाली. स्पष्ट. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू जावं असं.

संध्याकाळी आई आणि मामा आले. आईनं केळीच्या पानात न्सिमा आणला होता, मक्याचा तो घट्ट गोळा, आणि मोहरीचा पाला. आई वाकून दोरिकाच्या कानात म्हणाली, "म्हातारीला विचारलं मी. जिच्या पोटात राहिलं ती बाई, असं म्हणाली. रोझियाच्या वेळी तू आत बसणार." दोरिकानं डोळे मिटले आणि डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत गेलं. ती हसत होती. मी तिला बारा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मामा मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"फालेस, एक गोष्ट तर नक्की झाली."

"कुठली?"

"बाई फळते. दोष जावयात आहे." ते थकलेले होते, पाय सुजलेले, तरी डोळ्यांत उजेड होता. "वायसनचं बीज धरलं तिनं. जागा चुकली एवढंच. जागा दर वेळी थोडीच चुकते?"

"मामा, नळी काढलीय. दुसरी बंद आहे. आता काही होणार नाही, कधीच नाही. डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर पहिल्यांदाही हेच म्हणाले होते ना? ब्लांटायरचे?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग बसलं कसं?"

ब्लांटायरचं त्यांना कुणी सांगितलं? दोरिकानंच सांगितलं असणार. डॉक्टर खोटे पडले म्हणून आनंदानं सांगितलं असणार. मी ओरडले. व्हरांड्यातल्या बायका उठून बसल्या. मी वायसनच्या पुवाचं ओरडले, बिन्वेलच्या मळ्याचं ओरडले, साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला 'तुमच्या अकरा पोरांच्या दाखल्यावर थुंकते' म्हणाले. रखवालदार आला आणि त्यानं मला दंडाला धरून पायरीवर नेऊन बसवलं. मामांनी माझ्यासाठी पाणी आणलं.

परत आत गेले तेव्हा दोरिका जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दुसरी बंद आहे ना, पण काढलेली नाही," ती म्हणाली.

"बंद म्हणजे बंद, दोरिका."

"हं." ती छताकडे बघत होती. "टाके किती दिवसांनी भरतात?"

"एक वर्ष," मी म्हणाले. "वर्षभर नवऱ्याजवळसुद्धा जायचं नाही. जोर पडला तर फाटतं. डॉक्टर म्हणाले."

"मी विचारलं डॉक्टरांना सकाळी. तीन महिने म्हणाले."

तिनं चादरीतून हात काढला आणि बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. ऑगस्ट. सप्टेंबर. ऑक्टोबर. तिसऱ्या बोटावर थांबली, थोडा विचार केला.

"नोव्हेंबरातल्या पेरणीच्या आधी होईल," ती म्हणाली. "ताई, तेवढ्यात वायसनला सातही दिवसांच्या गोळ्या घ्यायला लाव. या वेळी वेळ आहे."